क्रोशाच्या सुईवर चाललेली गाडी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. स्थळ: जालना रोडवरचे आमचे वर्कशॉप.

हजर: मी, हेडमेकॅनिक शकीलभाई, आणि हार घातलेली गाड्या उचलायची लिफ्ट. फोनवर: रंगनाथराव, राहणार गारखेडा, वय एकाहत्तर. त्यांच्या शेजारच्या सीटवर: मालनकाकू. गाडीभोवती: रंगनाथरावांच्या शब्दांत, 'अख्खी गल्ली'.

ही नोंद माझ्या रजिस्टरमधून जशीच्या तशी उतरवली आहे, फक्त तिच्यापुढची बरोबरची खूण गाळून. ती खूण करायला नको होती. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

तेवीस वर्षं मी मोटारींच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. काम सांगायला सोपं आहे. गाडीवाला दुखणं सांगतो, ते मेकॅनिकला कळत नाही. मेकॅनिक निदान सांगतो, ते गाडीवाल्याला पटत नाही. दोघांच्या मधे मी, हातात पॅड, पॅडवर यादी. लोक काय काय सांगतात! गाडी रुसल्यासारखी चालते, चढाला कण्हते, खड्ड्यातून गेली की मनाला लावून घेते. एका गायनाच्या शिक्षिकेने पुढच्या चाकातला आवाज मला चक्क गाऊन दाखवला. शकीलभाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग." बेअरिंगच निघालं.

यादीशिवाय मी काही करत नाही. गाडी आत घेतानाची यादी वेगळी, बाहेर सोडतानाची वेगळी, फोनवर विचारायच्या प्रश्नांची वेगळी. वर्कशॉपमध्ये मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याची मी नोंद घेतलेली नाही. माझा नियम एकच: काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं झालं, मेकॅनिक म्हणाला झालं, तरी नाही. तेवीस वर्षांत हा नियम मी एकदा मोडला. दसऱ्याच्या दिवशी, श्रीखंड डोळ्यांपुढे असताना.

दसऱ्याला आम्ही फक्त पूजेपुरते येतो. पाने, स्पॅनर, जॅक मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, लिफ्टला हार घालायचा, पेढा खायचा, घरी जायचं. लिफ्टचा हार दरवर्षी शकीलभाईच घालतात, कारण त्यांचाच हात पुरतो. पेढ्याचा पुडा उघडला आणि फोन वाजला.

"मॅडम, गाडी हालंना."

"सुरू होते का काका?"

"सुरू होती. एसी लागतोय, गाणं लागतंय. दांडी तेवढी हालंना. पीवरच बसलीय."

"ब्रेक दाबून बघितला?"

"दाबलाय म्हंजे! दोन्ही पायांनी दाबलाय."

मागून काकूंचा आवाज आला, "डावा पाय नका लावू म्हनलं ना डॉक्टरनं!"

तो डावा पाय हीच या गाडीची जन्मकथा. रंगनाथरावांची पैठणजवळ मोसंबीची बाग आहे आणि घर गारखेड्याला. चाळीस वर्षं दर गुरुवारी ते स्वतः गाडी चालवत बागेत जायचे. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद. पुण्याला असलेला मुलगा सचिन म्हणाला, ड्रायव्हर ठेवा. रंगनाथराव माझ्यापुढे बसून म्हणाले होते, "ड्रायव्हर ठिवला की मी सामान झालो, मॅडम. मागं ठिवायचं, नीट उतरवून घ्यायचं." शेवटी तडजोड म्हणून क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गियरची, वापरलेली पण चांगली गाडी घेतली. आमच्याकडूनच तपासून घेतली. सचिनची अट होती: गाडीची किंवा गुडघ्याची एक तक्रार आली, की गाडी विकायची. गाडीसुद्धा त्याच्याच नावावर.

"आणि सचिन दुपारी दोनला पोचतोय," रंगनाथराव फोनवर आवाज खाली आणून म्हणाले. "त्याच्या आत गाडी फाटकासमोरून हालली पायजे. न्हाय तर माझा दसरा आणि गाडी दोन्ही गेलं."

आता ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. ऑटोमॅटिक गाडीच्या दांडीवर अक्षरं असतात. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे चालू पडा. दांडी पीवर असली की गियरबॉक्सच्या आत एका दातेरी चाकात पोलादी खिट्टी अडकते. बैलगाडीच्या चाकात दांडकं घालावं तसं. गाडी ढकलली तरी जात नाही.

पण समजा, इंजिन चालू आहे, गाडी पीवर आहे, आणि मागच्या सीटवरच्या नातवाने पुढे वाकून दांडी खाली ओढली. किंवा तुमचाच पाय चुकून रेसवर आहे आणि तुम्ही दांडी डीवर टाकली. गाडी थेट समोरच्या पानटपरीत. हे होऊ नये म्हणून दांडीला कुलूप असतं. त्याला म्हणायचं शिफ्ट लॉक. ब्रेक दाबल्याशिवाय ते उघडत नाही. कुलूप म्हणजे तरी काय? दांडीच्या खाली एक छोटी खीळ आणि ती ओढून घेणारं विजेवरचं एक छोटं चुंबक. ब्रेकच्या पेडलमागे अंगठ्याएवढा स्विच असतो. तुम्ही ब्रेक दाबला की स्विच चालू होतो आणि त्याची खबर दोन ठिकाणी जाते. एक, मागच्या लाल दिव्यांना. दोन, दांडीखालच्या त्या चुंबकाला. मागे दिवे लागतात, पुढे खीळ सरकते, बारीकसा 'टक' आवाज येतो आणि दांडी सुटते.

उलटीकडूनही तसंच कुलूप आहे. दांडी पीवर आणल्याशिवाय चावी निघत नाही. हे माहीत नसलेले बँकेतले एक साहेब एकदा उस्मानपुऱ्यात दोन तास गाडीत बसून होते. चावी निघेना, आणि चावी लावलेली गाडी सोडून जायचं कसं? त्यांनी डबा तिथेच खाल्ला, पेपर वाचला, मग आम्हाला फोन केला. शकीलभाई फोनवर म्हणाले, "साब, वो डंडा पूरा आगे करो." पलीकडून चावी निघाल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "हे कुणाला सांगू नका." नाव मी सांगितलेलं नाही.

तर रंगनाथरावांच्या फोनवर मी माझी यादी काढली. शिफ्ट लॉकचा पहिला प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे: मागचे लाल दिवे लागतात का? कारण स्विच एकच, फ्यूजही एकच. दिवे लागत नसतील तर खबर वाटेतच कुठेतरी अडली आहे, आणि मग दांडी सुटणार नाही.

"मागचे दिवे लागतात ना काका?"

"व्हय की! कालच काचेवर दिव्यांची नवीन पाटी बसवलीय. 'आईचा आशीर्वाद'. ब्रेक दाबला की सगळ्या मागच्या काचेवर लालभडक. लई भारी दिसतंय."

यादीतली पुढची ओळ अशी: 'गिऱ्हाईकाने बसल्या जागेवरून दिलेले उत्तर धरू नये. कुणाला तरी मागे उभे करून बघायला सांगावे.' ही ओळ मीच लिहिलेली आहे, लाल शाईने. ती मी गाळली. गल्लीतली पंचवीस माणसं गाडीभोवती होती. त्यातला एक जण मागे उभा करायला दहा सेकंदं लागली असती. पण पेढा हातात होता, घरी पाहुणे होते, आणि फोनमधून कोणीतरी "धक्का मारू, धक्का मारू" असं ओरडत होतं. पीवर असलेल्या गाडीला धक्का मारणार होते ते.

मी थेट चोरदरवाजा सांगितला. बॅटरी उतरली किंवा गाडी ओढून न्यायची असली तर दांडी सुटावी म्हणून दांडीशेजारी नखाएवढं झाकण असतं. ते उचकटायचं, आतल्या फटीत काहीतरी बारीक घालून खाली दाबायचं. खीळ हाताने सरकते. हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, आणि मगच.

"बारीक म्हंजे काय घालू?"

"पेचकस, पातळ चावी, काहीही."

काकूंचा आवाज आला, "हे घ्या. माझी सुई."

मालनकाकू क्रोशाचं विणकाम करतात. त्या गाडीत सीटच्या डोक्यांना, आरशाला, पाण्याच्या बाटलीलाही विणलेली टोपडी आहेत. पिशवीत सुई कायम. ती फटीत गेली. "दाबली," काकू म्हणाल्या. मग गल्लीतून असा जल्लोष झाला की शकीलभाईंनी दुरून विचारलं, "मॅच जीते क्या?"

"मॅडम, तुमचे लई उपकार," रंगनाथराव म्हणाले.

"सोमवारी गाडी घेऊन या. हे फक्त आजच्यापुरतं आहे."

"येतो की. न्हाय कसा!"

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'शिफ्ट लॉक. फोनवर सोडवले.' आणि पुढे बरोबरची खूण केली. मग पेढा खाल्ला.

सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी मी फोन केला. "फर्स्ट क्लास चाललीय मॅडम, दिवाळीनंतर आनतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. "अगदी लोण्यासारखी." मला वाटलं, असेल, कधी कधी स्विच अडकतो आणि आपोआप सुटतो. खूण तर झालीच होती. खूण झालेल्या कामाकडे माझी नजर परत जात नाही. ही यादी करणाऱ्यांची खोड आहे, आणि ती आम्हाला कोणी सांगत नाही, कारण लोक आम्हाला फार शिस्तीचे समजतात.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या एका दुपारी शकीलभाई पेट्रोल भरून आले ते हसत हसतच. हातातली पिशवी खाली ठेवून माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढली. शकीलभाई अठ्ठावन्न वर्षांचे, बत्तीस वर्षं या धंद्यात. एरवी बसून बोलत नाहीत.

"मॅडम, आज पंपपे सिनेमा देखा. वो अपने गारखेडेवाले काका. पेट्रोल डाले, पैशे दिये, अब निकलना है. तो काका ऐसा सीधा बैठके बोलते, 'तयार?' काकी बोलती, 'तयार.' काका बोलते, 'घाल!' काकी नीचे झुकके सुई डालती. 'घातली!' 'दाब!' 'दाबली!' गाडी निकली. काकी सुई पुसके बटवे में. पीछे की गाडीवाला मेरेकू पूछरा, ये कौन सा मॉडल है?"

मीही हसले. मग हसू मधेच थांबलं.

"म्हणजे अजून सुईच?"

"हौ. रोज का है. काकी बोली मेरेकू, अब हात बैठ गया."

"शकीलभाई, लॉक अजून अडकतंय म्हणजे ब्रेकची खबर अजून पोचत नाही. मग मागचे दिवे?"

शकीलभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "या अल्ला," ते म्हणाले. "पंप पे रुके तब पीछे अंधेराच था. मैं सुई देखने में लगा रहा."

तीन आठवडे हा माणूस मागचे दिवे बंद असलेली गाडी शहरभर आणि पैठण रोडवर चालवत होता. मागून येणाऱ्याला कळणारच नाही की पुढची गाडी थांबते आहे. आणि त्याला ती गाडी कुलूप मोडून कशी काढायची हे शिकवलं होतं मी. मी फोन लावला. वाजला, उचलला नाही. गाडी चालवताना रंगनाथराव फोन उचलत नाहीत. तेवढा नियम ते पाळतात.

"मैं जाता," शकीलभाई म्हणाले. "अब्भी निकले हैं, घर कू जारे. रास्ते में पकडता." आणि मोटारसायकल काढून गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोन्ही बाजूंच्या जबान्या घेऊन, जिथे पटतं तेवढंच लिहिते.

शकीलभाईंनी गारखेड्याच्या अलीकडे गाडी गाठली. मागून हॉर्न दिला. रंगनाथरावांनी आरशात बघितलं आणि हात बाहेर काढून 'जा पुढे' अशी खूण केली. शकीलभाई पुढे जाईनात, हॉर्न देत राहिले आणि हाताने मागच्या दिव्यांकडे बोट दाखवत राहिले. काकू मागे वळून म्हणाल्या, "अहो, कुनीतरी हात करतंय. वळखीचं हाय वाटतं." रंगनाथरावांनी नीट बघितलं. "आपले शकीलभाई! चहाला थांबवतंय जनू." आणि ओळखीच्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून त्यांनी तिथल्या तिथे, स्पीडब्रेकरच्या अलीकडे, ब्रेक दाबला.

मागे काहीच लागलं नाही. ना दिवे, ना आशीर्वाद.

ज्या गाडीचे ब्रेकचे दिवे बंद आहेत हे त्या रस्त्यावर फक्त एका माणसाला माहीत होतं, तोच माणूस त्या गाडीवर मागून आदळला.

देवाची कृपा, वेग नव्हता. बंपर फाटला, मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड वाकलं, शकीलभाईंचा डावा गुडघा सोलवटला. रंगनाथराव उतरून धावत, म्हणजे त्यांना जमेल तसे धावत, मागे आले. "अवो शकीलभाई, दिसली न्हाय का गाडी? एवढी पांढरी हाय!"

शकीलभाई रस्त्यावर बसून गुडघा धरून म्हणाले, "काका, वोच बताने आया था."

गर्दी जमलीच. कोणीतरी फोटो काढला, कोणीतरी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळच्या आत तो पुण्याला पोचला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सचिन माझ्यासमोर उभा होता. चाळिशीचा, शांत आवाजाचा, वडिलांच्या काळजीने खरोखर पोखरलेला. हातात गाडीची कागदपत्रं. मागे खुर्चीत रंगनाथराव, काठी दोन्ही हातांनी धरून, जमिनीकडे बघत. शेजारी काकू, बटवा मांडीवर घट्ट.

"मॅडम, गाडी दुरुस्त करून द्या आणि गिऱ्हाईक असेल तर बघा," सचिन म्हणाला. "मी यांना सांगितलंच होतं. यांना आता जमत नाही."

रंगनाथरावांनी काठी आणखी घट्ट धरली. आयुष्यभर आडतीवर मोसंबीच्या भावासाठी हुज्जत घातलेला माणूस, स्वतःसाठी एक शब्द बोलेना. मला ते बघवलं नाही.

शकीलभाई लंगडत गाडीपाशी गेले आणि फ्यूजची पेटी उघडली. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. आतली तार उडालेली. मग डिकी उघडली. बिजागरीपाशी 'आईचा आशीर्वाद'ची वायर चिरडून तांबं उघडं पडलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटी बसवली, ती ब्रेकच्या दिव्यांच्याच वायरला जोडून. त्याच संध्याकाळी बागेतून झेंडूची पोती आणली. घरी पोती उतरवल्यावर डिकी बसेना म्हणून रंगनाथरावांनी ती दाबून बसवली. बिजागरीत वायर चिरडली, सकाळी ब्रेक दाबताच शॉर्ट झालं, फ्यूज गेला. आशीर्वाद काय तो त्या एका दिवसापुरताच लागलेला.

"म्हणजे गाडीत दोष नव्हता?" सचिनने विचारलं.

"गाडी तर तीन आठवडे रोज सकाळी सांगत होती की मागे दिवे नाहीत, मी हलणार नाही," मी म्हणाले. "सगळ्यांत शहाणं तीच वागली."

"मग ही सुईची आयडिया कुणाची?"

"माझी," रंगनाथराव एकदम म्हणाले. मान वर झाली. "मीच हुडकलं ते झाकन. सहज हात लागला."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. शकीलभाईंनी छताकडे बघितलं. मला आयती वाट मिळाली होती, आणि अर्धा क्षण मी त्या वाटेकडे बघितलंही. खोटं कशाला सांगू.

"नाही, मी सांगितली," मी म्हणाले. "दसऱ्याच्या दिवशी, फोनवर. एकदाच वापरा म्हणाले, पण दिवे बघायला लावले नाहीत. ते माझं काम होतं. तुमच्या वडिलांनी मी शिकवलं तेच केलं. फार नीट केलं, एवढंच." आणि रजिस्टर उघडून ती खूण त्याच्यापुढे धरली.

सचिनने ती नोंद वाचली आणि रजिस्टर मिटलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तरीपण. उद्या दुसरं काही होईल. सत्तरी उलटल्यावर नवी पद्धत अंगवळणी पडत नाही, हे मान्य करायला पाहिजे."

शकीलभाईंनी नवा फ्यूज घातला, पाटीची वायर तोडून टेप लावला. काकूंना मी गाडीच्या मागे उभं केलं. रंगनाथरावांनी आत बसून ब्रेक दाबला.

"लागला!" काकू ओरडल्या. "दोन्हीकडं लागला!"

आणि आत, दांडीखाली, टक. तीन आठवड्यांनी आलेला तो आवाज ऐकून रंगनाथरावांनी डोळे मिटले.

"बाहेर काढतो मी," सचिन म्हणाला. "बाबा, तुम्ही मागे बसा."

सगळे बसले. नेमकं काय होतं ते बघायला मीही मागे काकूंशेजारी बसले. सचिन पुण्यात रोज साधी, क्लचची गाडी चालवतो. ही गाडी त्याने घेतली होती, पण फाटकापलीकडे कधी चालवलेली नव्हती. ब्रेक दाबला, टक, दांडी डीवर, गाडी छान निघाली. वर्कशॉपच्या फाटकाकडे जाताना वेग जरा वाढला आणि सवयीने त्याचा डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता. होता तो मोठा ब्रेक. क्लच दाबतात तसा, पूर्ण ताकदीने, एका झटक्यात दाबला.

माझा चष्मा पुढच्या सीटच्या विणलेल्या टोपड्यात अडकला. काकूंचा बटवा डॅशबोर्डवर गेला. गाडीमागून शकीलभाई लंगडत चालत येत होते, ते वेळेवर थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "दिवे एकदम बढिया चलरे!"

सचिनने पुन्हा गाडी काढली. दहा पावलांवर पुन्हा तेच.

मागच्या सीटवरून रंगनाथराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, "डावा पाय सीटखाली घालून बस, बाळा. मला बी पयले आठ दिवस तसंच करावं लागलं. न्हाय तर सवड असंल तर सामानासारखा मागं ये. मी चालवतो."

सचिनने आरशात वडिलांकडे बघितलं. मग त्याला हसू आलं आणि ते आवरेना. उतरून त्याने चावी पुढे केली. रंगनाथराव पुढे आले, डावा पाय आत ओढून घेतला, ब्रेक, टक, डी, आणि गाडी फाटकातून अशी गेली की काकूंच्या बाटलीतलं पाणी हललं नाही.

गाडी राहिली. मी अटींची यादी करून दिली, तिघांच्या सह्या घेतल्या. दर रविवारी काकूंनी मागे उभं राहून दिवे बघायचे. मागच्या काचेवर काही लावायचं असेल तर ते न पेटणारं असावं. दांडी सुटली नाही तर सुटेपर्यंत गाडी उभी ठेवायची आणि आम्हाला बोलवायचं. शेवटच्या अटीवर काकू जरा नाराज दिसल्या. "म्हंजे आता आत माझं काय काम न्हाय?" मी म्हणाले, बाहेर आहे की, आतल्यापेक्षा महत्त्वाचं. त्या बटव्याकडे बघत राहिल्या.

वर्ष होत आलं. रविवारी सकाळी त्या गल्लीत "लागला!" अशी आरोळी उठते, आणि आता शेजारचे चार जणही आपापल्या गाड्या घेऊन रांगेत उभे राहतात. काकू सगळ्यांच्या गाड्या बघतात. रंगनाथराव गुरुवारी बागेत जातात, येताना आमच्याकडे मोसंब्या टाकून जातात. शकीलभाईंचा आणि त्यांचा गुडघ्यांवरचा संवाद फाटकाशी अर्धा तास चालतो.

आता ती नोंद. दसऱ्याची खूण मी खोडली, आणि त्याच नोंदीखाली कामं नव्याने लिहिली. फ्यूज: बघितला, खूण केली. वायर: बघितली, खूण केली. बंपर: केली. चौथी ओळ: 'दांडीशेजारचे झाकण बसवणे.' जुनं झाकण दसऱ्याच्या जल्लोषात कुठेतरी हरवलं. नवीन मागवून घेतलं, नखाएवढं, काळं, बारक्या पाकिटात घालून माझ्या खणात ठेवलं आहे. बसवायला तीन सेकंदं लागतात. रंगनाथरावांना किती वेळा सांगितलं. दर गुरुवारी ते मोसंबी देतात, "पुढच्या खेपेला" म्हणतात आणि निघतात.

गेल्या गुरुवारी मी पाकीट घेऊन स्वतःच गाडीशी गेले. काच खाली झाली. काकूंनी एक हात त्या उघड्या फटीवर ठेवला होता, जसा लेकराच्या डोक्यावर ठेवतात. दुसऱ्या हातात क्रोशाची सुई.

"राहू द्या की मॅडम," त्या म्हणाल्या. "दाबत न्हाय मी. नुसतं ध्यान ठिवते."

चौथी ओळ अजून रिकामी आहे. पाकीट खणात आहे. उद्या गुरुवार.